लंडनमधले एक वर्ष: पौंडांच्या आधी तासांचा हिशेब

प्रश्न: मी मूळची सांगली जिल्ह्यातली. पुण्यात अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर मला लंडनच्या ब्लूम्सबरी भागातल्या एका विद्यापीठात एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सप्टेंबर २०२६ साठी प्रवेश मिळाला आहे. त्यासाठी वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढले आहे. माझे आतेभाऊ आणि वहिनी लंडनच्या पश्चिम टोकाला, हाउन्स्लोमध्ये राहतात. त्यांच्याकडे राहिले तर भाडे वाचेल. आठवड्याला वीस तास काम केले तर कर्जाचा भारही थोडा हलका होईल. हा विचार योग्य आहे का? अभ्यास झेपेल का? आणि एकटे वाटू लागले तर काय करावे?

उत्तर: परदेशातून लंडनला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी माझ्या मते त्यांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. आपल्याकडून येणारी मुले पौंडांचा हिशेब अतिशय काटेकोरपणे करून येतात, कारण त्या प्रत्येक पौंडामागे घरच्यांचे कष्ट असतात. तासांचा हिशेब मात्र जवळजवळ कोणीच करून येत नाही. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात पैशांपेक्षा वेळ अधिक दुर्मीळ असतो, आणि पैसे वाचवण्यासाठी घेतलेले काही निर्णय इतका वेळ खातात की ज्यासाठी कर्ज काढले तेच हातून निसटते. म्हणून मी तुमच्या प्रत्येक प्रश्नाकडे आधी वेळेच्या बाजूने पाहणार आहे.

ज्याला आपण वर्ष म्हणतो ते प्रत्यक्षात कसे असते ते आधी पाहू. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत पहिले सत्र संपते. पहिल्या सत्राचे निबंध डिसेंबर किंवा जानेवारीत द्यायचे असतात. मार्चअखेरीस शिकवणे जवळजवळ संपलेले असते, मे महिन्याच्या सुमारास परीक्षा होतात, आणि त्यानंतर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरपर्यंत प्रबंध लिहायचा असतो. म्हणजे शिक्षकांसमोर बसून शिकण्याचा काळ जेमतेम सहा महिन्यांचा. ब्रिटनमधला पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणपणे १८० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) असतो आणि एका श्रेयांकामागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो. एकूण १,८०० तास. त्यातले वर्गातले तास अनेक विषयांत आठवड्याला दहा-बाराच्या पुढे जात नाहीत. त्यामुळे वेळापत्रक हातात पडले की ते रिकामे दिसते, आठवड्यातले दोन-तीन दिवस मोकळे वाटतात, आणि नेमकी इथेच फसगत होते. ते दिवस सुट्टीचे नसतात. उरलेले सगळे तास ग्रंथालयात, तुमच्या स्वतःच्या वाचनात आणि लेखनात जावेत असे गृहीत धरलेले असते, पण तसे कोणी तुम्हाला रोज बजावून सांगत नाही.

आता हाउन्स्लोविषयी. आतेभावाचे घर असणे ही मोठी सोय आहे, आणि पहिले दोन-तीन आठवडे तुम्ही तिथेच राहावे असे मी सुचवेन, कारण प्रत्यक्ष न पाहता सांगलीत बसून ठरवलेली भाड्याची खोली ही या शहरातली सर्वांत महागडी चूक ठरू शकते. संपूर्ण वर्ष मात्र तिथे काढण्याआधी गणित करा. हाउन्स्लोहून रसेल स्क्वेअरपर्यंत पिकॅडिली लाइनची भुयारी रेल्वे थेट येते. तरीही घरापासून वर्गापर्यंत, स्थानकापर्यंतचे चालणे आणि अधूनमधूनचा विलंब धरून, सव्वा तासाच्या आसपास वेळ जातो. एका बाजूला सत्तर मिनिटे धरली आणि आठवड्यातून चार दिवस ये-जा केली तर सव्वानऊ तासांहून अधिक, आणि तीस आठवड्यांत सुमारे २८० तास होतात. गाडीत बसायला जागा मिळाली तर वाचन होते हे खरे, पण सकाळच्या गर्दीत ते गृहीत धरता येत नाही. याहून मोठा तोटा आकड्यात मांडता येत नाही. संध्याकाळी सहानंतरची व्याख्याने, गटाने अभ्यास, वर्गानंतर कॉफी घेताना होणारी चर्चा, हे सगळे लांब राहणारी मुले टाळू लागतात, आणि त्यांच्या मैत्रीची वर्तुळे तिथेच आक्रसतात.

नातेवाइकांच्या घराची आणखी एक बाजू आहे, जी सहसा कोणी बोलून दाखवत नाही. आतेभाऊ आणि वहिनी दोघेही नोकरी करत असतील तर घरातली कामे, मुलांना शाळेतून आणणे, पाहुण्यांची ऊठबस यांत तुमचा हातभार आपोआपच अपेक्षिला जाईल, आणि तुम्ही तो आनंदाने द्यालही. त्यात गैर काहीच नाही. फक्त प्रबंधाच्या दिवसांत त्याचे ओझे होते, आणि नाते जपायचे असल्यामुळे तोंडातून शब्द फुटत नाही. राहायचेच ठरले तर खर्चातला वाटा आणि अभ्यासाचे तास पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलून घ्या. पूर्णवेळ विद्यार्थी कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, गणतीत धरले जात नाहीत, तेव्हा विद्यापीठाकडून तसे प्रमाणपत्र आणून आतेभावाला द्या, म्हणजे तुमच्यामुळे त्यांचा कर वाढणार नाही.

स्वतंत्र राहायचे असेल तर विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी आजच अर्ज करा. ठरावीक मुदतीत अर्ज करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना अनेक विद्यापीठे प्राधान्य देतात. वसतिगृह मिळाले नाही तर शहराच्या दुसऱ्या-तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यवर्ती भागाबाहेरच्या भाडेपट्ट्यांत, चार जणांत वाटून घेतलेल्या घरातली एक खोली पाहावी. त्यासाठी महिन्याला साधारण ८०० ते १,००० पौंड मोजावे लागतात. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या कोणीतरी पाहून आल्याशिवाय, एक पौंडही पाठवू नका. व्हॉट्सअॅपवर सुंदर छायाचित्रे दाखवून, मालक सध्या परदेशात आहे असे सांगून अनामत मागणारे लोक दर सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांना गाठतात. इंग्लंडच्या कायद्यानुसार अनामत रक्कम सर्वसाधारण घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि खासगी भाडेकरारात घरमालकाला ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त अनामत-संरक्षण योजनेत ठेवावी लागते. योजनेचे नाव सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार करू नये. प्रवासासाठी विद्यार्थ्यांचे ऑयस्टर कार्ड काढले की आठवड्याच्या आणि महिन्याच्या पासवर ३० टक्के सवलत मिळते. बसमध्ये एकदा भाडे दिले की पुढच्या एका तासात कितीही बसगाड्या बदलता येतात, ही सोयही पुष्कळांना उशिरा कळते.

कामाच्या प्रश्नावर मला थोडे सविस्तर बोलावेसे वाटते, कारण सर्वांत जास्त नुकसान मी इथेच पाहिले आहे. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे आणि त्यावरील व्यक्तीचे किमान वेतन ताशी १२.७१ पौंड आहे. म्हणजे वीस तासांचे सुमारे २५४ पौंड, आणि तीस आठवडे सलग काम मिळाले तर साडेसात हजार पौंडांच्या थोडे पुढे. ही रक्कम लहान नाही. पण वीस गुणिले तीस म्हणजे सहाशे तास होतात, आणि साठ श्रेयांकांच्या प्रबंधासाठी विद्यापीठाने धरलेले तासही सहाशेच आहेत. पूर्ण वीस तास काम करणारी मुलगी एका प्रबंधाएवढे श्रम दुसरीकडे देऊन येते, आणि तेही उपाहारगृहात रात्री अकरापर्यंत उभे राहून, जिथून परतल्यावर दुसऱ्या दिवसाची सकाळही हाती लागत नाही. माझा सल्ला असा की पहिल्या सत्रातले पहिले सहा आठवडे काम करूच नये, आणि नंतरही आठ ते दहा तासांवर थांबावे. काम विद्यापीठातच मिळाले तर उत्तम: ग्रंथालयात, प्रवेश विभागाच्या मदतीला, नव्या विद्यार्थ्यांना परिसर दाखवण्यासाठी. तिथल्या लोकांना तुमच्या परीक्षेच्या तारखा माहीत असतात.

नियमांच्या तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. पहिली, वीस तासांची मर्यादा सोमवार ते रविवार अशा प्रत्येक आठवड्याला लागू असते. या आठवड्यात दहा आणि पुढच्यात तीस अशी सरासरी चालत नाही. दुसरी, या व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही, त्यामुळे मोबाइल अॅपवरून घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम, मित्राच्या खात्यावरून केले तरी, नियमभंगच ठरते. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त चुकते: पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याची सुट्टी असते, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्या काळात प्रबंध लिहायचा असतो, आणि म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ त्यांच्यासाठी सहसा सत्राचाच मानला जातो. त्या महिन्यांत पूर्णवेळ काम करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागारांकडून लेखी खात्री करून घ्या. पैशांची चणचण भासू लागली की आणखी एक आमिष समोर येते: तुमच्या बँक खात्यात काही रक्कम येईल, ती पुढे पाठवा आणि थोडे कमिशन ठेवा. हा चोरीचा पैसा फिरवण्याचा प्रकार आहे. खाते बंद होते, गुन्हा दाखल होऊ शकतो आणि पुढची कित्येक वर्षे दुसरी बँक दारात उभी करत नाही. अशा वेळी संकोच न करता विद्यापीठाच्या आर्थिक सल्ला विभागाकडे जा. अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी बहुतेक विद्यापीठांत साहाय्यनिधी असतो आणि काही ठिकाणी तो परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतो.

अभ्यास झेपेल का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, पण अभ्यासाची रीत बदलावी लागेल. पुण्यात तुम्ही परीक्षेच्या तीन तासांत बरोबर उत्तर लिहून आलात. इथे तीन हजार शब्दांच्या निबंधात तुमचे म्हणणे काय आहे आणि ते कोणत्या आधारावर उभे आहे हे विचारले जाते. दहा लेखकांची मते एकाखाली एक मांडून शेवटी दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे म्हटले तर गुण पन्नाशीच्या आसपास राहतात. वाचनाची यादी कधी कधी एका आठवड्यासाठी दोनशे पानांची असते. सगळे वाचायचे नसते. आवश्यक म्हणून दिलेले दोन-तीन लेख पूर्ण वाचावेत, उरलेल्यांची प्रस्तावना आणि निष्कर्ष पाहावा, आणि चर्चासत्रात विचारायचा एक प्रश्न वहीत लिहून न्यावा. पहिल्या दोन चर्चासत्रांत तो प्रश्न विचारलात तर पुढे बोलणे सोपे जाते. नाताळपर्यंत गप्प राहिलेल्या मुलीला जानेवारीत तोंड उघडणे फार जड जाते.

गुणांविषयी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिला निकाल पाहून घरी फोन करून रडू येणार नाही. इथे सामान्यतः पन्नासला उत्तीर्ण, साठला मेरिट आणि सत्तरला डिस्टिंक्शन मिळते. पहिल्याच निबंधाला बासष्ट गुण मिळणे ही चांगली सुरुवात आहे. ऐंशी गुण क्वचितच कोणाला मिळतात. निबंधासोबत शिक्षकांचा लेखी अभिप्राय येतो. तो गुणांपेक्षा महत्त्वाचा असतो, आणि तो घेऊन शिक्षकांच्या भेटीच्या तासाला जावे. प्रत्येक शिक्षक आठवड्यातून ठरलेल्या वेळी आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी बसतात. आपली मुले तिथे जात नाहीत, कारण अडल्याशिवाय सरांना त्रास देऊ नये असे आपल्यावर संस्कार असतात. इथे त्या तासाला न येणारा विद्यार्थी शिक्षकांच्या लक्षात राहत नाही, आणि पुढे शिफारसपत्र मागताना त्याची अडचण होते. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा जा, शंका लहान असली तरी चालेल. दुसऱ्याचे लेखन आधार न सांगता वापरणे हा इथे गंभीर अपराध आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण स्वतःचा निबंध मैत्रिणीला ‘फक्त बघायला’ देणे हेही दोघींना गोत्यात आणू शकते, हे बहुतेकींना माहीत नसते.

वेळ आणि पैसा यांची ओढाताण या शहराला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईत अध्यापन करून साठवलेले पैसे आणि मिळालेली मदत यांच्या आधारावर ते १९२० मध्ये पुन्हा आले, १९२१ मध्ये त्यांनी एमएस्सी पूर्ण केले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डीएस्सी मिळवली. त्या काळात ते राहत असलेले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत जाण्याजोगे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने पहिल्याच महिन्यात जाऊन यावे. ज्या ब्रिटिश म्युझियममधल्या वाचनालयात ते दिवसभर बसत, तो ग्रंथसंग्रह आता सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ही लायब्ररी ब्लूम्सबरीहून पायी अंतरावर आहे आणि तिथले वाचकपत्र विनामूल्य मिळते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात परीक्षेच्या दिवसांत खुर्ची मिळेनाशी होते, तेव्हा त्याचे मोल कळते.

एकटेपणाबद्दल तुम्ही सर्वांत शेवटी आणि अगदी थोडक्यात विचारले आहे, पण तो प्रश्न मी लहान मानत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर नव्या गोष्टींच्या गडबडीत जातात. मन खचते ते नोव्हेंबरमध्ये. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, डिसेंबरात चार वाजण्याआधीच सूर्य मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. दिवाळीला सुट्टी नसते, पहिले निबंध डोक्यावर असतात, आणि भारतातली वेळ साडेचारऐवजी साडेपाच तास पुढे गेलेली असते, त्यामुळे रात्री नऊला आईशी बोलावेसे वाटले तर तिकडे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. फोनची वेळ आधीच ठरवून ठेवा. दुपारी दीडला, म्हणजे घरी संध्याकाळी सातला, वर्गांच्या मधल्या वेळेत बोलणे बहुतेकींना सोयीचे पडते. सकाळच्या उजेडात अर्धा तास चालणे हा मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते असा उपाय आहे. नाताळात विद्यापीठ बंद असते आणि २५ डिसेंबरला तर लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बसही धावत नाहीत. ते दिवस हाउन्स्लोला आतेभावाकडे काढा. त्या घराचा खरा आधार तुम्हाला त्याच काळात वाटेल. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या सणासुदीच्या कार्यक्रमांना जरूर जा. मात्र सगळा मित्रपरिवार मराठी किंवा भारतीयच राहिला, तर इतक्या लांब येऊन या शहराची आणि वर्गातल्या इतर देशांच्या मुलामुलींची ओळखच झाली नाही असे होईल.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड तुम्ही आधीच भरलेले असतात, तेव्हा ती सेवा तुमच्या हक्काची आहे. झोप लागत नाही, भूक नाही, वर्गाला जावेसे वाटत नाही, असे दोन आठवडे राहिले तर जीपी आणि विद्यापीठाचे समुपदेशन केंद्र या दोन्हीकडे जा, आणि निबंधाची मुदत वाढवून मागण्याचा अर्ज मुदत उलटण्याच्या आधी करा. मुदत गेल्यावर सांगितलेली खरी अडचणही नियमात बसवणे कठीण होते, आणि मला याच कारणाने हुशार विद्यार्थ्यांचे गुण गेलेले पाहावे लागले आहेत. रात्री कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर विद्यार्थ्यांनीच चालवलेली लंडन नाइटलाइन ही दूरध्वनी सेवा आहे. तिथे नाव सांगावे लागत नाही.

शेवटी कर्जाविषयी, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तेच आहे. कर्ज फिटते ते अभ्यासक्रमानंतरच्या नोकरीने. आठवड्याच्या वीस तासांनी फिटत नाही. इथेही वेळ कमी आहे. अभ्यासक्रम संपल्यावर इथे राहून नोकरी करण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळेल, आणि तुम्ही त्यांतच मोडता. त्यानंतर इथे राहायचे तर परवाना असलेल्या कंपनीने प्रायोजित केलेला स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नव्याने पदवी घेतलेल्यांसाठी ३३,४००. मोठ्या बँका आणि सल्लागार कंपन्या पुढच्या वर्षीच्या भरतीचे अर्ज सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मागवतात, म्हणजे तुम्ही लंडनला पोहोचून महिना-दोन महिनेच झालेले असतात. म्हणून जून-जुलैमध्ये, सांगलीत असतानाच, इथल्या पद्धतीचा एका-दोन पानांचा बायोडाटा तयार करा, प्रायोजक कंपन्यांची सरकारी यादी पाहून तुमच्या क्षेत्रातल्या वीस-पंचवीस कंपन्या निवडा, आणि विद्यापीठाच्या करिअर विभागाची पहिली भेट पहिल्याच पंधरवड्यात घ्या. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपण्याआधी करावा लागतो, तोही विद्यापीठाने तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे गृह खात्याला कळवल्यानंतर. त्यामुळे प्रबंध दिल्याच्या दुसऱ्या दिवशी परतीचे तिकीट काढू नका. निकाल कधी लागणार हे विभागाला विचारून मगच घरी जाण्याची तारीख ठरवा.